सील शाबूत, पिन मोकळी: उभ्या ट्रेलरला हात लागला तेव्हा

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या वाहतूक कंपनीतलं आहे. कंपनी, जागा आणि माणसं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. चालकाला आपण उस्ताद म्हणू. चौकशीचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते काही उस्तादांच्या तोंडून ऐकलेलं, काही फोटोंत पाहिलेलं आणि काही वर्कशॉपमध्ये स्वतः हात काळे करून चाचपलेलं आहे.

उस्ताद वीस वर्षांहून जास्त काळ ट्रेलर चालवतात. त्या दिवशी घोड्यामागे, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या केबिन-इंजिनाच्या गाडीमागे, बंद बॉडीचा ट्रेलर होता आणि आत घरगुती विजेची उपकरणं. माल चोरांच्या आवडीचा, त्यामुळे सूचनाही त्याच रोखाने दिलेल्या: दारं जपा, सील जपा, अनोळखी माणसाला माल सांगू नका. दाराला बोल्ट सील होतं, आयएसओ १७७१२ या मानकातल्या सर्वांत वरच्या, एच वर्गाचं. या वर्गात बसायचं तर ओढीच्या चाचणीत सीलने किमान १० किलोन्यूटन सोसायला हवं, म्हणजे अंदाजे एक टन वजन टांगल्यासारखं. थोडक्यात, पान्याने पिळून निघणारी वस्तू नाही.

ट्रेलर दोन दिवसांपूर्वी जोडलेला होता आणि त्यानंतर सहाशेहून अधिक किलोमीटर धावला होता. पुढे या आकड्याचं महत्त्व कळेल.

जोडणी कशी असते, थोडक्यात

चालकांनी हा भाग सोडला तरी चालेल. घोड्याच्या मागच्या चाकांवर ग्रीस फासलेली जाड लोखंडी बैठक असते, तिला फिफ्थ व्हील म्हणतात. तिच्या मागच्या अंगाला निमुळती होत जाणारी खाच असते. ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली लोंबणारी किंगपिन या खाचेतून आत सरकते आणि जबडे तिच्याभोवती मिटतात. सर्रास वापरली जाणारी किंगपिन २ इंची असते, म्हणजे ५०.८ मिलिमीटर. भरलेला ट्रेलर ओढला जातो तो मनगटाएवढ्या या तुकड्यावर.

जबडे सोडवायचं हँडल बैठकीच्या बाजूने बाहेर आलेलं असतं. त्याला किल्ली नाही, कुलूप नाही. काही बनावटींत ते आधी थोडं उचलावं किंवा सरकवावं लागतं, काहींत एक सुरक्षा हूक असतो. तो हूक बरेच जण लावत नाहीत. बाकी, चाकांच्या मधे हात घालून हँडल खेचायला माहीतगार माणसाला दहा सेकंदं पुरतात.

पहिला निर्णय: गाडी कुठे लावायची

उस्ताद महामार्गालगतच्या वाहनतळावर पोचले तेव्हा रात्रीचे पावणेदहा झाले होते. गाडी चालवायची त्यांची त्या दिवसाची वेळ संपायला पंचवीस मिनिटं उरली होती.

समोर तीन पर्याय होते. पंपाजवळच्या उजेडात एक जागा होती, पण तिथे रात्रभर थांबू देत नव्हते. पुढचा वाहनतळ चाळीस किलोमीटरवर होता. तिथे जायचं तर वेळेची मर्यादा मोडणार, शिवाय जागा मिळेलच याची खात्री नाही. तिसरा पर्याय आवाराच्या मागच्या कोपऱ्यात. जागा अंधारी, पण मागे पक्की भिंत. ट्रेलर उलटा घेऊन दारं भिंतीला अगदी खेटून लावता येत होती.

उस्तादांनी भिंत निवडली. दारं आणि भिंत यांच्यात जेमतेम वीतभर अंतर ठेवलं. दार उघडायचं तर आधी भिंत पाडावी लागली असती. सील पाहायला ते भिंतीच्या फटीत हात घालून, मोबाइलची टॉर्च तोंडात धरून वाकले होते, असं त्यांनी सांगितलं. चोरापासून माल राखायचा असेल तर ही जागा तिथली सर्वांत चांगली होती, आणि त्या निर्णयाला मी आजही नावं ठेवणार नाही.

फक्त एक गोष्ट तेव्हा कुणाच्याच डोक्यात आली नाही. गाडी उलटी घेऊन थांबवली की घोडा ट्रेलरला मागे रेटलेल्या स्थितीत उभा राहतो आणि जबड्यांवरची ओढ सुटते. ट्रेलर सोडायचा असतो तेव्हा चालक मुद्दाम हेच करतात: घोडा थोडा मागे दाबायचा, म्हणजे हँडल हलकं होतं. दारं भिंतीला लावताना उस्तादांनी नकळत हँडल सैल करून ठेवलं होतं.

कंपनीच्या नियमाप्रमाणे त्यांनी सव्वादहाला दोन फोटो ऑफिसला पाठवले. एक सीलचा, एक बाजूने संपूर्ण गाडीचा. दुसरा फोटो कशासाठी मागतात हे तोवर ऑफिसातही कुणाला धड सांगता आलं नसतं.

दुसरा निर्णय: रात्री गाडी हलली

मध्यरात्र उलटल्यावर केव्हातरी गाडीला हिसका बसल्यासारखं वाटून उस्ताद जागे झाले. घड्याळ पाहिलं नाही. कान देऊन ऐकलं, मग आवाज नाही. शेजारून मोठी गाडी गेली की केबिन डुलतेच, असं समजून पुन्हा झोपले.

खाली उतरले नाहीत, हे बरोबरच केलं. अंधारात एकट्याने उतरून गाडीभोवती फिरणं म्हणजे समोर किती जण आहेत हे माहीत नसताना अंगावर घेणं. माल कंपनीचा असतो, डोकं आपलं असतं. पण उतरणं आणि झोपणं यांच्या मधे बरंच काही करता येतं: सगळे दिवे लावायचे, हॉर्न द्यायचा, आवाराच्या पहारेकऱ्याला किंवा ऑफिसला फोन करायचा. आणि काहीच नाही तर निदान वेळ लिहून ठेवायची. रात्री काहीतरी हललं होतं, ही बाब सकाळी त्यांच्या ध्यानात राहिली असती तर सकाळची फेरी वेगळी झाली असती. ती राहिली नाही. मला तरी या प्रकरणातली खरी चूक इथे दिसते, आणि ती झोपेत झालेली आहे, त्यामुळे तिच्यावर कुणाला फार रागावताही येत नाही.

तिसरा निर्णय: सकाळची फेरी

माल उतरवायची वेळ सकाळी आठची होती. उस्ताद सव्वासहाला खाली उतरले. टायर ठोकून पाहिले, घोड्यातून ट्रेलरच्या ब्रेकना हवा नेणारे पाइप बघितले, दिवे बघितले. मागे जाऊन सीलची पूर्ण तपासणी केली: डोळ्यांनी पाहिलं, नंबर कागदाशी ताडला, सील ओढलं, पिळून पाहिलं. दाराच्या कडीचे रिव्हेटही चाचपले. हे करायलाच हवं. सीलला हातही न लावता कडीचे रिव्हेट काढून दार उघडायचं, माल काढायचा, नवे रिव्हेट ठोकून वर रंग फासायचा, ही चोरांची जुनी पद्धत आहे. आणि ओला किंवा वेगळ्या छटेचा रंग बोटाला बरोबर सापडतो.

सगळं जागच्या जागी होतं. फोटो काढला, ऑफिसला पाठवला, निघाले.

ओढ चाचणी केली नाही. ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवायचे, घोड्याचे सोडायचे आणि खालच्या गिअरमध्ये हलकेच पुढे ओढून बघायचं, पिन धरून आहे की नाही. दोन मिनिटांचंही काम नाही. का केली नाही, असं मी विचारलं.

"साहेब, ट्रेलर मी सोडलाच नव्हता. जो सोडला नाही तो पुन्हा जोडला का हे कशाला बघू?"

या उत्तरात खोट काढता येत नाही. आमच्या प्रशिक्षणातही ओढ चाचणी ‘जोडणी’ या धड्यात होती, ‘मुक्काम’ या धड्यात नव्हती. दोन दिवसांपूर्वी जोडताना उस्तादांनी ती नीट केलेली होती.

घटना

गाडी हलली तेव्हा ट्रेलर मागोमाग आला. पिन मोकळी असूनही आला, कारण भरलेला ट्रेलर नुसत्या आपल्या भाराने बैठकीवर दाबून बसतो आणि सपाट जमिनीवर घर्षणाने काही अंतर खेचला जातो. आवारात शंभरेक पावलं गाडी अशी गेली. बाहेर पडायच्या रस्त्याला चढ लागला आणि तिथे ट्रेलर मागे घसरला.

उस्तादांनी आधी हवेचा आवाज ऐकला. पाइप ताणून तुटले होते. पाठोपाठ दणका. ट्रेलरचं नाक घोड्याच्या मागच्या टायरांवर आणि चॅसीच्या टोकावर आदळलं होतं. पाइप तुटल्यावर ट्रेलरचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागले, म्हणून तो उतारावर मागे गेला नाही. या ब्रेकना धरून ठेवायला हवा लागत नाही, सोडवायला लागते; हवा गेली की स्प्रिंग चाकं आवळते. मागे एक कार उभी होती. तिच्यात माणसं होती.

कुणाला इजा झाली नाही. मडगार्ड, पाइप, दिव्यांची केबल आणि दोन टायर गेले. तो चढ नसता तर हीच गोष्ट महामार्गावर पहिल्या पुलाशी घडली असती.

चौथा निर्णय: पडलेल्या ट्रेलरचं काय करायचं

अशा वेळी हात आपोआप रिव्हर्स गिअरकडे जातो. घोडा मागे घ्यायचा आणि पिन पुन्हा खाचेत बसवायची. उस्तादांनी ते टाळलं. ट्रेलरचं नाक टायरांवर टेकलेलं असताना घोडा मागे रेटला असता तर बैठक ट्रेलरच्या पुढच्या भिंतीत घुसली असती. त्यांनी पार्किंग ब्रेक लावला, धोक्याचे दिवे चालू केले, ट्रेलरच्या चाकांमागे ठोकळे टाकले, मागच्या गाड्या हटवायला लावल्या आणि ऑफिसला फोन केला. इतकं शांतपणे हे सगळं करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

मग एक घोळ झाला. शेजारच्या गाडीतला एक चालक मदतीला धावला. त्याने वाकून पाहिलं, "हँडल बाहेर आहे" म्हणाला आणि हातोडीच्या दोन ठोक्यांत ते आत बसवून टाकलं. हेतू चांगला होता. पण हँडल बाहेर होतं याचा फोटो कुणी काढलेला नव्हता, आणि मदत करणारा नाव न सांगता आपल्या वाटेने निघून गेला.

चौकशी: चूक की छेडछाड?

दुपारपर्यंत ऑफिसात एक मत तयार झालं होतं: पिन नीट बसलेली नसणार, खर्च चालकाकडून वसूल करावा. विम्यासाठी लिहायच्या कागदावरही ‘सदोष जोडणी’ असंच लिहायचं चाललं होतं. ते मी थांबवलं.

कारणं तीनच असू शकत होती. जोडणी चुकली, जबडे झिजले, किंवा कुणीतरी हँडल खेचलं.

चुकलेल्या जोडणीचा नेहमीचा प्रकार म्हणजे ट्रेलर थोडा उंच राहतो आणि पिन जबड्यांत न जाता त्यांच्यावर बसते. अशी जोडणी सहाशे किलोमीटरचे ब्रेक, वळणं आणि चढउतार सोसून नेमकी मुक्कामानंतर सुटेल, हे पटण्यासारखं नव्हतं. झिजेचा प्रश्न वर्कशॉपने निकालात काढला. पिन आणि जबडे दोन्ही मोजले. झीज मर्यादेच्या आत होती आणि जबडे दहा वेळा लावून पाहिले ते दहाही वेळा नीट बसले.

तिसऱ्या कारणाला पुरावा मिळाला तो त्या रात्रीच्या दुसऱ्या फोटोत. संपूर्ण गाडीचा, कुणी न बघितलेला फोटो. मोठा करून पाहिला तर चाकांच्या वरच्या अंधारात फ्लॅशचा उजेड पडून हँडलचं टोक चमकत होतं, बैठकीच्या कडेला लागून, पूर्ण आत. वर्कशॉपमध्ये तेच हँडल खेचून त्याच कोनातून फोटो काढला तेव्हा टोक वीतभर बाहेर दिसलं. फरक लहान मुलालाही कळला असता. शिवाय हँडलवर जुन्या ग्रीसचा आणि धुळीचा थर होता, तो टोकाशी एका जागी पुसला गेला होता. पण तिथे हातोडीही चालली होती, म्हणून त्याला मी फार किंमत दिली नाही.

वसुली रद्द झाली. फोटो काढताना उस्ताद दोन पावलं पुढे उभे राहिले असते तर हँडल चाकाआड गेलं असतं आणि त्यांना हे कधीच सिद्ध करता आलं नसतं.

कुणी केलं, ते कळलं नाही. आवाराचा कॅमेरा पंपांकडे तोंड करून होता. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा उस्तादांना आठवलं की कोपऱ्यातल्या त्या जागेवरून एका चालकाशी थोडी बोलाचाली झाली होती. एवढ्यावर कुणाकडे बोट दाखवता येत नाही. पिन मोकळी करून ठेवण्याचा प्रकार या धंद्यात जुना आहे. कधी भांडणातून होतो, कधी निव्वळ गंमत म्हणून, आणि तो करणारा बहुधा हँडल ओळखणाराच असतो.

पुढे काय करायचं: तोललेले पर्याय

पहिली सूचना किंगपिनच्या कुलपाची आली. ती मीटिंगमध्ये सगळ्यांना आवडली, आणि बिनकामाची होती. ते कुलूप घोडा सोडून एकट्या उभ्या ठेवलेल्या ट्रेलरच्या पिनेवर बसतं, म्हणजे कुणी परका घोडा लावून ट्रेलर पळवू नये. जोडलेल्या ट्रेलरची पिन जबड्यांत असते, कुलूप बसवणार कुठे? हवेच्या पाइपांच्या तोंडावर बसणाऱ्या कुलपाचंही तेच. दोन्ही गोष्टी आम्ही यार्डात सोडलेल्या ट्रेलरांसाठी घेतल्या, पण त्या वेगळ्या दुखण्याचं औषध आहेत.

हँडललाच कुलूप लावायचं, हा पर्याय सरळ वाटत होता. त्याला चालकांनी विरोध केला आणि कारण चांगलं दिलं: ट्रेलरला आग लागली तर घोडा तातडीने सोडवावा लागतो, तेव्हा किल्ली शोधत बसायचं का? शेवटी ज्या गाड्यांना मूळचा सुरक्षा हूक आहे त्यांनी तो लावायचाच, आणि बाकीच्यांनी हँडल प्लास्टिकच्या रंगीत पट्टीने बांधायचं, असं ठरलं. ही पट्टी कुणाला अडवत नाही. हात लागला होता एवढंच सांगते, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं.

जबड्यांवर सेन्सर लावून केबिनमध्ये दिवा द्यायची सोय मिळते. नव्या गाड्यांसाठी ती मागितली आहे. जुन्यांना बसवायचा खर्च मंजूर झाला नाही.

काय केलं

मुक्कामाचा क्रम बदलला. गाडी उलटी लावून झाली की ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा केसभर पुढे ओढायचा आणि त्या ओढीतच घोड्याचे ब्रेक लावायचे. बऱ्याच बनावटींत त्यामुळे हँडल घट्ट बसतं. मग हूक किंवा पट्टी. मग चार फोटो: सील, हँडल, हवेचे पाइप आणि गाडीची दुसरी बाजू. सकाळी तेच चार.

गाडी नजरेआड राहिली असेल, मग ती रात्रभर असो वा जेवणापुरती, तर निघण्याआधी ओढ चाचणी. तीही हलकी, पिन मोकळी असेल तर घोडा इंच-दोन इंच पुढे सरकल्याचं लगेच जाणवतं आणि तिथेच थांबता येतं. जोरात हिसका दिला तर चाचणीच अपघात व्हायची. त्यानंतर टॉर्च घेऊन मागच्या बाजूने बघायचं: जबडे पिनेच्या मानेमागे पूर्ण मिटलेत का, आणि बैठक व ट्रेलर यांच्या मधून उजेड दिसतो का. दिसला तर गाडी हलवायची नाही.

फेरीत आणखी चार जागा घातल्या: ब्रेकच्या हवेच्या टाक्यांचे हवा सोडायचे कॉक, हवेच्या पाइपांची अदलाबदल, चाकांच्या नटांवरचे पिवळे बाण (नट सैल झाला की ते फिरलेले दिसतात) आणि सोडलेला ट्रेलर ज्यांवर टेकतो ते त्याचे पुढचे पाय.

परिणाम

पहिल्या महिन्यात शिस्त छान राहिली. दुसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की काही सकाळच्या फोटोंतल्या पट्ट्या फारच कोऱ्या दिसतात. चौकशी केली. काही जण रात्री पट्टी बांधतच नव्हते. सकाळी उठून बांधायचे, फोटो काढायचे आणि तोडून निघायचे. मला राग आला, पण दोष थोडा आमचाही होता. रात्री दमून आलेल्या माणसाला आम्ही आणखी एक काम दिलं होतं आणि त्यासाठी वेळ मात्र दिला नव्हता. आता पट्ट्यांवर नंबर असतात आणि रात्रीच्या व सकाळच्या फोटोंतला नंबर ताडला जातो.

एकदा एका चालकाला पट्टी तुटलेली आढळली. हँडल आत होतं, जबडे मिटलेले होते, पण हवेच्या एका टाकीचा कॉक अर्धवट उघडा होता आणि हवेचा दाब चढत नव्हता. आणखी एकदा पट्टी तुटलेली निघाली ती उंदराने कुरतडून. तपासणीत वीस मिनिटं गेली, चालकाने आम्हाला चार शब्द ऐकवले.

काय वेगळं करता आलं असतं

जागेचा निर्णय पावणेदहाला, पंचवीस मिनिटं उरलेली असताना व्हायला नको होता. तो दुपारीच, ऑफिसाने फोन करून जागा धरून, व्हायला हवा होता. त्या वेळी उस्तादांपुढचे तीनही पर्याय वाईटच होते आणि त्यांनी त्यातला बरा निवडला.

घटनेनंतर कुणीही काहीही जागचं हलवण्याआधी फोटो काढायला हवे होते, आणि हातोडी मारणाऱ्याचा नंबर घ्यायला हवा होता. त्याची साक्ष मिळती तर चौकशीचे नऊ दिवस वाचले असते, आणि त्या नऊ दिवसांत उस्तादांना घरी बसावं लागलं नसतं.

आणि आमच्या वेळापत्रकात सकाळच्या फेरीला शून्य मिनिटं होती. सव्वासहाला उठलेला चालक सव्वासहालाच निघाला, असं कागद सांगत होते. आता पंधरा मिनिटं धरली आहेत. माल घेणाऱ्यांपैकी दोघांनी पोचायची वेळ पंधरा मिनिटं पुढे ढकलायला मान्यता दिली आहे. तिसऱ्याशी अजून पत्रव्यवहार चालू आहे.